पहिला फटका फुकट

दर्याच्या पाठीतून पहिल्यांदा रक्त आलं ते नागावच्या ऑफिसात, भिंतीवरच्या टीव्हीवर. आसूड सपकन बसला, पाठीवर वळ उठला, वळाची कड फुटली आणि ओघळ पोटाखालून वाळूत ठिबकला. खोलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. रक्त इतकं खरं जमलं होतं.

नेत्राचे हात मांडीवरच राहिले. दर्या तिच्या घरचा बैल. नारळाच्या वाडीतलं एक बंद पडलेलं होम-स्टे भाड्यानं घेऊन तिनं दोन सोबत्यांबरोबर व्हिडिओ गेमची कंपनी काढली, तेव्हा पहिलाच खेळ बैलगाडी शर्यतीचा केला. कपाळावरच्या पांढऱ्या टिक्क्यासकट दर्या त्यात उतरवला. त्याचं हंबरणं आणि बाबांची, बुधाजीची हाळी, ‘होऽ रं माझ्या राजा’, तिनं स्वतः गोठ्यात माइक धरून घेतली होती. खेळातला बैल त्या हाळीवर पळायचा. मारायचं बटणच नव्हतं. एकदा विकत घ्या, हवा तितका खेळा. वाखाणला सगळ्यांनी, घेतला कुणीच नाही. मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं तो उचलला आणि त्यांचा अल्पेश रेवसच्या लाँचनं येऊ लागला.

“नेत्राबेन, खेळ विकायचे दिवस गेले,” अल्पेश टीव्हीकडे बघत म्हणाला. “आता फुकट वाटायचा. माणूस आत आला की त्याला दोनदा जिंकू द्यायचं आणि तिसऱ्यांदा अगदी नाकासमोर हरवायचं. त्याच वेळी आसूड दाखवायचा. पहिला फटका फुकट, पुढचे विकत. बैल फाटला की मलमही विकत.”

“आणि मलम नाही घेतलं तर?”

“तर जाहिरात बघेल बिचारा. आपण काय कसाई आहोत?”

पोरं हसली.

“निदान नाव तरी बदला,” नेत्रा म्हणाली. “आमच्या दर्यावर आजवर कुणी हात उचललेला नाही. आईनं शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“महादेवाला.”

अल्पेशनं टेबलावरचा करार उलटापालटा करून बघितला. “महादेवाची सही दिसत नाही, बेन. तुमच्या दोन्ही पार्टनरची आहे.”

भांडून भांडून तिला एवढंच मिळालं, की खेळातला गोठा तसाच राहील आणि तिथलं बैलाला गवत घालायचं बटणही राहील. “राहू दे,” अल्पेश म्हणाला. “गवताच्या निमित्तानं माणूस रोज येतो. रोज आला की कधीतरी मारतोच.”

महादेवाला दिलेल्या त्या शब्दामागची गोष्ट नागावात सगळ्यांना ठाऊक होती. वासरू असताना दर्या उधाणात खाडीत ओढला गेला होता. बुधाजीनं त्याला मानेला धरून काठावर आणला तेव्हा श्वास नव्हता. नेत्राच्या आईनं, सखुबाईनं त्याच्या गार कपाळावर तळवा ठेवून सांगितलं होतं, “म्हादेवा, हा जगला तर याच्यावं कुनाचा हात उठनार न्हाय. याच्या तोंडात गवत गेल्याबिगर माज्या तोंडात चहा जानार न्हाय.” वासरानं नाकातून पाणी फुरकन उडवलं. तेव्हापासून नेम चुकला नाही. तापात असली तरी ती भिंत धरून गोठ्यापर्यंत जायची.

नेत्राचा धाकटा भाऊ केतन ट्रकवर असायचा, आणि ट्रक उभा असला की फोनवर. आसूड आल्यापासून खेळाच्या यादीत पहिलं नाव त्याचंच.

“बाबा, तुमची हाळी ऐकत बसाला कुनाला टाइम हाय?” तो जेवताना म्हणाला. “शेवटाला तीन फटके, की संपला विषय.”

“तुज्या पाठीवं देऊ काय तीन?” बुधाजी म्हणाला. “मंग बघू किती पलतोस तं.”

पण त्या वर्षी बुधाजीचा गुडघा गाडीवर उभं राहू देईना. वाळूवरची शर्यत कंपनीनंच भरवली होती, जागोजागी दर्याची चित्रं लावली होती. गाडी केतननं हाकायची आणि बुधाजीनं शेवटच्या रेषेपाशी उभं राहून हाळी द्यायची असं ठरलं. सखुबाईनं दर्याला गवत घातलं, कपाळाला हळद लावली आणि केतनकडे बघितलं.

“हात रिकामे हायत ना रं?”

केतननं दोन्ही तळवे दाखवले. आसूड सदऱ्याच्या आत, पाठीला बांधलेला होता.

ओहोटीची ओली वाळू टणक होती. गाड्या सुटल्या. पाऊणएक पल्ला दर्या आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या गाडीच्या चाकाशी चाक लावून पळाले. मग ती गाडी हातभर पुढे सरकली. गर्दीतून पोरं ओरडली, “मार! केतन, मार!” ओरडण्याची लय खेळातलीच होती. केतननं सदऱ्यात हात घातला.

पहिला फटका बसला तेव्हा दर्या पळायचाच थांबल्यासारखा झाला. त्याला कळेचना. दुसऱ्या फटक्याला कातडं उललं. तिसरा डोळ्याखाली बसला.

“नको रं! नको!” बुधाजी किंचाळला.

दर्यानं तो आवाज ओळखला. जन्मभर तो त्या आवाजाकडेच पळाला होता. तो वळला आणि गर्दीतून सरळ बुधाजीकडे निघाला. जोडीदार फरफटत त्याच्यामागे आला. मधे माणसं होती. एका बाईला शिंगानं बाजूला फेकलं, एकाच्या पायावरून चाक गेलं, हाड मोडल्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला. बोटिंगवाल्यांच्या जेट-स्कीची लोखंडी ट्रॉली आडवी होती. दर्यानं ती ओलांडायला उडी घेतली आणि पुढचे दोन्ही पाय सळ्यांत अडकून मोडले. गाडी कलंडली. केतन चाकाखाली गेला. ज्या हातात आसूड होता तो हात मनगटापासून चिरडला.

लोक बांबू घेऊन धावले ते केतनला सोडवायला. पण बांबू बसू लागले ते दर्यावर. पडलेल्या बैलाच्या बरगड्यांवर, तोंडावर, मोडक्या पायांवर. एका हातात बांबू आणि दुसऱ्या हातात फोन, असेही होते. बुधाजी लंगडत आला आणि त्याच्यावर आडवा पडला. त्याच्याही खांद्यावर दोन बसले, खांदा निखळला. तरी तो उठला नाही. गर्दी पांगली तेव्हा जोडीदार बाजूला धापा टाकत उभा होता आणि दर्याच्या नाकातून फेस येत होता, लाल. त्यानं बुधाजीचा हात एकदा चाटला. भरतीचं पाणी बुधाजीच्या टाचेला लागलं तेव्हा दर्या गेलेला होता.

वाडीत, गोठ्यामागच्या नारळाखाली त्याला पुरला.

केतनचा डावा हात तेवढा वाचला. तो इस्पितळात असतानाच अल्पेशचा फोन आला.

“फार वाईट झालं, बेन. मी तर जेवलोच नाही. पण एक सांगू? तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. सगळा देश दर्याला शोधतोय. आता सोन्याच्या शिंगांचा दर्या काढू, आठवण म्हणून.”

“विकत?”

“आठवण फुकट कशी देणार?”

नेत्रानं त्याच दिवशी कंपनी सोडली. खेळ सोडवता आला नाही. करारानं तो त्यांचा होता, त्यातला दर्या त्यांचा होता आणि बाबांची हाळीसुद्धा.

घरात दुसरीच झुंज चालली होती. सखुबाई चहा घेत नव्हती, मग भाकरीही नाही.

“पुरलेला बैल गवत खातो का गं?” बुधाजी गळ्यात बांधलेला हात सावरत म्हणायचा. “सोड आता.”

“म्हादेवाला दिल्याला शब्द मेलाय का?” एवढंच ती म्हणायची. तिचे ओठ फुटले होते.

केतन घरी आला आणि त्यानं पडल्या पडल्या डाव्या हातानं फोन पुढे केला. “आये, दर्या हाय. हितं हाय बघ.”

तिनं तोंड फिरवलं. तेवढ्यात फोनमधून हंबरणं आलं. तेच, गोठ्यातलं. ती हळूच वळली. पांढरा टिक्का दिसला. केतननं दाखवलं तिथं, खालच्या हिरव्या चौकोनावर, तिनं बोट ठेवलं. गवताची पेंढी पडली, बैलानं मान खाली घातली. सखुबाईनं डोळे पुसले आणि चहा मागितला.

नेत्रा दारात उभी होती. आई जेवतेय, याच्यापुढे काय बोलायचं? रोज अंघोळ झाली की सखुबाई फोन घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायची, बोट ठेवायची, मगच चूल पेटायची. शर्यतीच्या चित्राला ती कधी शिवली नाही.

कंपनीला असा माणूस परवडत नाही, रोज येणारा आणि कधीच न मारणारा. नेत्राला हे कळायला हवं होतं.

एका सकाळी खेळ रातोरात नवा होऊन आला. सखुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नेहमीच्या जागी, खालच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. आता तिथं आसूड होता.

सपकन आवाज झाला. पाठ फुटली.

“अगं बाई!” तिनं घाईनं पदराच्या टोकानं ते रक्त पुसायला घेतलं. काचेवर पदर फिरला की केतननं विकत घेऊन ठेवलेल्यातला एकेक फटका बसत होता. ती पुसत गेली, तो फाटत गेला. मधेच नवऱ्याची हाळी यायची, ‘होऽ रं माझ्या राजा’, की पुन्हा फटका. नेत्रा धावत आली तेव्हा दर्या गुडघ्यावर बसला होता आणि सखुबाईचा पदर काचेवरच होता.

“नेत्रा, मी मारला गं! माज्या हातानं मारला!”

तिनं फोन पाट्यावर ठेवला आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलून घातला. काच उडून तिच्या भुवईत शिरली. ती थांबली नाही. हाळीचा शेवटचा तुकडा चिरकला, मग तोही बंद झाला.

“कुटं बसतो तो खेलवाला मानूस?” तिनं विचारलं. भुवईचं रक्त गालावर आलं होतं. आवाज रोजच्यासारखाच हळू होता.

नवा खेळ निघाला की अल्पेश नागावच्या ऑफिसात असायचाच. नेत्रानं स्कूटर काढली. सखुबाई वरवंटा मांडीवर घेऊन मागं बसली.

ऑफिसात पेढे वाटत होते. टीव्हीवर सोन्याच्या शिंगांचा दर्या उभा होता. सखुबाईनं वरवंटा टीव्हीवर घातला. काचेचा पडदा आतून काळा फुटत गेला. पोरं भिंतीला चिकटली. अल्पेश एक पाऊल मागं सरला आणि मग त्याच्या तोंडावर हसू उमटलं. त्यानं फोन वर धरला.

“मारा, आई, मारा! थांबू नका. हे आख्खा देश बघेल.”

“अल्पेशभाई, फोन खाली ठेवा,” नेत्रा म्हणाली.

त्यानं ठेवला नाही. सखुबाईनं वरवंटा आडवा फिरवला. फोन आणि बोटं एकदमच मोडली. अल्पेश गुडघ्यावर आला, हात पोटाशी धरून ओरडू लागला. कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. सखुबाईनं त्याच्याकडे बघितलं, वरवंटा पुन्हा वर गेला, आणि तिथंच थांबला. मग तिनं तो जमिनीवर टेकवला आणि पदरानं हात पुसले.

“पोलिसाला सांग घरी या म्हनून,” ती नेत्राला म्हणाली. “पयलं नारलाखाली जाऊन गवत घालू. खाईल, न्हाय खाईल, त्याची मर्जी. मंग चहा टाक.”