पाहुण्याची साक्ष

कवळीबाईंचं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालायचं. हा विनोद दवाखान्यातल्या डॉक्टरांचा, आणि अठरा वर्षं तो दर नव्या पेशंटपुढे होत आला होता. बाई मागच्या खोलीत, खिडकीखालच्या अरुंद टेबलापाशी बसून कवळ्या बनवत. आधी प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाचा पाया, मग मेणात एकेक दात बसवायचा. माणसाच्या वयाला शोभेल इतका पिवळसर, इतपत वाकडा. फार सरळ दात लावले की माणूस लबाड दिसतो, असं त्या म्हणत. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. केसाएवढा उंचवटा बोटाला लागला तरी तो घासून काढल्याशिवाय त्या जागच्या उठत नसत.

रविवारी याच बाई चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मुलांचा वर्ग घेत. तिथे कानस हातात नसे, जिभेवर असे. मुलं त्यांना टरकून असत आणि आईबाप त्यामुळेच खूश असत. घरी न ऐकणारी पोरं तिथे तासभर हाताची घडी घालून बसतात, वचनं धडाधड म्हणतात, आणखी काय हवं?

त्या वर्षी पाळकसाहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, की मुलांचा वर्ग आटत चाललाय, काहीतरी करा. बाईंनी पुढच्याच रविवारी पुठ्ठ्याचं एक मोठं अंजिराचं झाड भिंतीवर लावलं. चौदा मुलं, चौदा फांद्या. फांदीवर मुलाचं नाव.

"शिष्य कुणाला म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"जो ऐकतो त्याला," बेकरीवाल्याचा मुलगा म्हणाला.

"ऐकतो तो विद्यार्थी. गुरू करतो तसं करतो, तो शिष्य. प्रभूने काय केलं? लोकांकडे गेला. तुम्हीही जायचं. एका माणसाला प्रभूची गोष्ट सांगायची आणि इथे घेऊन यायचं. एक माणूस, एक फळ. आणि ज्या झाडाला फळ नव्हतं त्याचं प्रभूने काय केलं, ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. ते झाड मुळापासून वाळलं होतं.

बेकरीवाल्याच्या मुलाने पहिल्याच रविवारी दोन आत्येभाऊ आणले. कुणी शेजारीण आणली, कुणी शाळेतला मित्र. पाच आठवड्यांत तेरा फांद्या भरल्या. रिकामी राहिली ती कुलुपवाल्याच्या मुलीची.

ती दहा वर्षांची. बोलताना अडखळायची, पहिल्या अक्षरावर गाडी रुतायची ती रुतायचीच. खरखर होते म्हणून मुलांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. बाईंनी कधी अडवलं नाही, उलट पाचव्या रविवारी त्यांनी तिला झाडापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "हा आमचा रेडिओ. पाच आठवडे झाले, अजून स्टेशन लागलेलं नाही."

मुलं हसली. मुलगी फांदीकडे बघत उभी राहिली. बाईंनी तिला तास संपेपर्यंत खाली बसू दिलं नाही.

आता, त्या मुलीने प्रयत्न केला नव्हता असं नाही. तिच्या बापाची किल्ल्या बनवायची टपरी बाजाराच्या कोपऱ्यावर होती आणि तिला लागूनच पंक्चरचं दुकान. तिथे सहा-सात महिन्यांपूर्वी एक नवा माणूस कामाला लागला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, केस अर्धे पांढरे. तो ट्यूबमध्ये हवा भरायचा, ती पाण्याच्या टबात बुडवून हळूहळू फिरवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचा. त्या कामात घाई करून चालत नाही, आणि त्याच्याकडे घाई नव्हतीच. मुलगी शाळेतून आली की टबापाशी उकिडवी बसायची. तिचा शब्द अडकला की तो पाण्याकडेच बघत राहायचा. पुढचा शब्द आपण होऊन पुरवायचा नाही. अख्ख्या गावात तेवढा एकच माणूस असा होता.

तिने त्याला पाच आठवड्यांत हळूहळू सगळं सांगितलं. येशू कुठे जन्मला, कुणाबरोबर जेवला, क्रुसावर शेजारी टांगलेल्या चोराने आठवण ठेव म्हटल्यावर त्याला स्वर्गाचं वचन कसं दिलं. तो चोराच्या गोष्टीवर थांबला.

"त्याने नुसतं मागितलं, आणि मिळालं?"

"हो. बा-बाई म्हणतात, कुणालाही मि-मिळतं."

मग त्यानेही तिला त्याची गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नव्हती ती. आणि सहाव्या रविवारी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, मुलीच्या मागोमाग चर्चच्या मागच्या हॉलच्या दारात येऊन उभा राहिला.

बाई खडू शोधत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांना तो दिसला.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ पहाटे सायकलवरून कामाला निघाला होता. एका दुधाच्या गाडीने त्याला उडवलं आणि ती निघून गेली. ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी सापडला. कोर्टात बाई दर तारखेला पहिल्या बाकावर बसत. वकिलाने शिकवल्याप्रमाणे तो माणूस होय आणि नाही यापलीकडे काही बोलला नाही. त्याला शिक्षा झाली. त्याची मान, त्याचे कान, बोटांची नखं, सगळं बाईंना पाठ होतं.

त्यानेही त्यांना ओळखलं. तो एक पाऊल मागे सरला.

"मी येतो, बाई. चुकून आलो इकडे."

"चुकून कसे? आमच्या शिष्याने आणलंय तुम्हाला. बसा."

बाईंचा आवाज इतका गोड झाला होता, की पुढच्या रांगेतली मुलं चपापली. त्या माणसाने मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा फुलला होता. तो मुलांच्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे छातीशी आले.

"आपल्या वर्गाची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "नवा पाहुणा साक्ष देतो. आपण कोण होतो, काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगतो."

अशी पद्धत नव्हती. जुन्या चौदाही मुलांना ते ठाऊक होतं आणि चौदाही गप्प बसली.

"आधी काय काम करत होता?"

"गाडी चालवायचो. दुधाची."

"मग सोडली का?"

तो खाली बघत राहिला.

"मुलांनो, इथे खोटं चालतं का?"

"नाही, बाई," वर्ग एका सुरात म्हणाला.

"माझ्या गाडीखाली एक माणूस आला," तो म्हणाला.

"केवढा?"

"पंचवीस वर्षांचा."

"चोवीस. पंचवीस पूर्ण व्हायला अकरा दिवस होते. गाडी थांबवलीत?"

"नाही."

"का?"

"भ्यालो."

"ऐकलंत? भ्याले. मग?"

"मग पुढच्या वळणावरून मी, बाई..."

"थांबवली नाहीत ना? एवढंच विचारलं मी."

"बाई, ते तुम्हाला सांगायचंच होतं. कोर्टात मला..."

"इथे प्रश्न मी विचारते. तुम्ही उत्तर द्यायचं." त्या मुलांकडे वळल्या. "जो माणूस जीव घेतो आणि पळून जातो, त्याला काय म्हणतात?"

बेकरीवाल्याच्या मुलाचा हात सर्वांत आधी वर गेला. "खुनी."

"बरोबर. सगळे म्हणा."

सगळे म्हणाले. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं, वचन पाठ करून घेतात तसं. पुढच्या रांगेत पाच वर्षांची एक चिमुरडी होती. तिला वाटलं गाणं सुरू झालं, ती टाळ्या वाजवायला लागली.

कुलुपवाल्याची मुलगी उठून उभी राहिली. "बाई, त-त-त..." पुढे शब्द येईना. तिची मान ताठली, डोळे मिटले गेले. मागून कुणीतरी रेडिओची खरखर काढली आणि हशा पिकला.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तू काय आणलंस ते आम्ही बघितलं." टेबलावरचं कागदी अंजीर उचलून त्यांनी ते तिच्या फांदीवर चिकटवलं आणि अंगठ्याने नीट दाबलं.

माणूस उठला. बाक थोडं वाकडं झालं होतं, ते त्याने रांगेत सरळ केलं. मुलीपाशी थांबून "येतो गं" म्हणाला आणि निघून गेला.

घरी आल्यावर बाईंनी आईला सगळं सांगितलं. आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शाबासकीची नाही, पण निदान एका सुस्काऱ्याची बाईंना अपेक्षा होती.

"त्याला घरी का नाही आणलंस?" आई म्हणाली.

"घरी? त्याला?"

"मला एकच विचारायचं होतं. आपला पोरगा गेला तेव्हा एकटा होता का."

"एकटाच होता, आई. हा थांबलाच नाही. स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने."

आईने मान हलवली आणि पुढचा कपडा उचलला. बाई जेवून आडव्या झाल्या आणि दुपारभर त्यांना इतकी गाढ झोप लागली, की कित्येक वर्षांत तशी लागली नव्हती.

पुढचं सगळं झटपट झालं. मुलांनी घरी जाऊन सांगितलं. सोमवारी आया पाळकसाहेबांच्या दारात जमल्या: आमच्या लेकरांमध्ये खुनी आणून बसवला कुणी? पाळकसाहेबांनी बाईंना विचारलं.

"कुलुपवाल्याच्या मुलीने," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. "शुभवार्ता सांगायला मी शिकवते. ती कुणाला सांगावी, हे घरच्यांनी बघायला नको?"

पाळकसाहेब भला माणूस, पण वाईटपणा घेणारा नव्हे. त्यांनी कुलुपवाल्याला सांगितलं, की मुलीला काही दिवस घरीच राहू द्या. तिकडे पंक्चरच्या दुकानाच्या मालकाला गिऱ्हाइकांनी ऐकवलं, की पंक्चर काढायला दुसरी दुकानंही आहेत. बुधवारी त्या माणसाने आपली पिशवी उचलली. कुठे गेला ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. महिनाअखेरीस बेकरीवाल्याच्या मुलाला सात फळांबद्दल चेनवालं बायबल मिळालं. वर्ग चौदावरून एकोणतीसवर गेला आणि भर उपासनेत पाळकसाहेबांनी बाईंचे आभार मानले.

तीनेक महिन्यांनी कुलुपवाल्याची आई कवळीसाठी दवाखान्यात आली. सोबत नात. डॉक्टर बाहेर गेले होते. खालच्या जबड्याला कुठे रुततंय ते बघायला बाईंनी दोघींना मागच्या खोलीत घेतलं. म्हातारी बहिरी होती, तोंड उघडून खुर्चीत बसली. मुलगी साच्यांच्या फळीपाशी उभी होती.

"काय गं," बाई म्हणाल्या, "वर्गाला यायचंय का आता? मी सांगते पाळकसाहेबांना."

मुलीने मान हलवली. नाही. मग बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करून म्हणाली, "तो प-परत आला होता."

"कोण?"

"वळणावरून. गा-गाडी उभी करून. तो धावत प-परत आला होता. तुमचा भाऊ जि-जिवंत होता तेव्हा."

बाईंच्या हातात म्हातारीची कवळी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"तो त्याच्याज-जवळ बसला. डोकं मां-मांडीवर घेतलं. लोक यायला लागले तेव्हा प-पळाला. मला माहीत होतं सगळं. म्हणूनच आ-आणलं होतं मी त्याला." तिने श्वास घेतला. "भाऊ बो-बोलला त्याच्याशी."

"काय बोलला?"

मुलगी गप्प राहिली. बाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं, शब्द अडकलाय. आयुष्यात पहिल्यांदाच त्या या पोरीच्या शब्दासाठी थांबल्या होत्या.

"बाळा, सावकाश सांग. काय बोलला?"

शब्द अडकलेला नव्हता. मुलगी त्यांच्याकडे सरळ बघत होती, मान ताठलेली नव्हती, डोळे उघडे होते.

"न-नाही सांगणार," ती म्हणाली.

"असं करू नये. माझा भाऊ होता तो. घरी माझी आई आहे, म्हातारी."

"मा-माहीत आहे."

म्हातारी मध्येच म्हणाली, "डाव्या बाजूला रुततंय हो, बाई." बाईंनी कवळी उचलली आणि डाव्या बाजूला घासायला घेतली. किती घासलं याचं भान राहिलं नाही. शेवटी ती कडेला पातळ होऊन तडकली. म्हातारीला आणखी दहा दिवस दातांशिवाय काढावे लागले.

त्या दहा दिवसांत बाईंनी पंक्चरच्या दुकानात तीनदा चौकशी केली. मालकाने हात वर केले. कोर्टाच्या कागदांतल्या त्याच्या जुन्या पत्त्यावर गेल्या. तिथे आता दुसरं कुटुंब राहत होतं. कोर्टातल्या त्या वकिलाला फोन केला, तर त्याला खटलाच आठवेना.

मग एका संध्याकाळी त्या किल्ल्यांच्या टपरीवर गेल्या. बापाला बाजूला घेऊन सांगितलं. तो माणूस साधा, तो कळवळला. मुलीला म्हणाला, "अगं, सांगून टाक ना बाईंना." ती वाकून कामात होती. बाप ओशाळून म्हणाला, "आता ती घरीसुद्धा बोलत नाही फारशी. जबरदस्ती कशी करू, बाई?"

टपरीपुढे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढून पुढे केली. मुलीने ती मशीनवर चढवली, नवी कापली, कडा ब्रशने साफ केल्या आणि दोन्ही किल्ल्या बाईंच्या हातावर ठेवल्या. मग तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे हात केला.

घरी आईने दार उघडलं आणि हातातली नवी किल्ली बघून विचारलं, "हरवली होती का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एक जास्तीची असावी म्हणून."