पावण्यांचा रकाना

साल दोन हजार बावीस. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, उसाच्या फडात गाडी घालायची सोय राहिली नाही, आणि हंबीररावाचं गुऱ्हाळ पेटायला निम्मा नोव्हेंबर सरला. कळंब्याच्या पलीकडं त्या रस्त्याला एके काळी सात गुऱ्हाळं होती. हंगामात नुसत्या वासावरनं कुणाच्या काहिलीत गूळ उतरायला आलाय ते हंबीररावाची आई बाळाबाई घरात बसून सांगायची. आता एकच उरलं होतं, आणि तेही तिच्या लेकानं मोडायला काढलं होतं.

"ह्या वर्साला शेवटचं," पहिल्याच आधणाला, काहिलीत रस चढला तेव्हा, हंबीरराव म्हणाला. "फुडल्या साली समदा ऊस कारखान्याला. गुळाला दर न्हाय, जाळाला माणूस मिळंना, आन् ह्यो पिराजी म्हातारा झाला."

"म्हातारा आसंल तुजा सासरा," काहिलीवरची मळी काढता काढता पिराजी गुळव्या म्हणाला. चाळीस हंगाम त्यानं त्याच काहिलीवर काढले होते.

हंबीररावाची लेक निशिगंधा त्याच साली कोल्हापुरातनं एम.बी.ए. होऊन आली होती. तिनं वेगळंच काढलं. रस आटताना गूळ व्हायच्या जरा आधी मधासारखी धार पडते, ती काकवी. ती बाटलीत भरून विकायची कंपनी. शहरातल्या एका संस्थेनं नव्या धंद्यांचे आराखडे मागवले होते. आराखडा पसंत पडला तर बाटल्या भरायचं यंत्र मिळणार होतं.

"यंत्र आलं तर चालवू," हंबीरराव म्हणाला. "न्हाय आलं तर चुलवाण बुजवायचं. ठरलं."

मग निशिगंधा चिपाडाच्या ढिगावर लॅपटॉप घेऊन बसली आणि बाळाबाई तिच्या शेजारी.

"आज्जी, आपला ग्राहक कोण?"

"वाटंनं जाईल त्यो."

"तसं चालत न्हाय. त्याचं वय, गाव, पगार लिवायला लागतो."

"वाटसराला पगार इचारू व्हय गं? मारंल की त्यो."

"बरं, स्पर्धक कोण? म्हंजे आपल्या वायटावर कोण हाय?"

"तुजी आत्या."

निशिगंधानं कपाळाला हात लावला. पुढं प्रश्न आला, वाया जाणारा माल किती. पिराजी तिथनंच ओरडला, "चिमटीएवढा न्हाय!" पण पोरगी शिकलेली. दोन दिवस वही घेऊन बसली तेव्हा निघालं ते असं, की आधणातली चौथाई काकवी कुठंच दिसत नव्हती. यष्टीचा कंडक्टर एक वाटी पिऊन गेला होता. शाळेचे गुरुजी चपाती खिशात घालूनच आले होते. रस्ता चुकलेल्या एका मोटारवाल्यानं रस्ता विचारायच्या आधी द्रोण पुढं केला होता. गुऱ्हाळावर आलेल्याला न्हाय म्हणायचं नाही, हा बाळाबाईच्या सासूनं घालून दिलेला रिवाज, आणि सासूला तो तिच्या सासूनं घालून दिलेला.

दुसऱ्या दिवशी दारात पाटी लागली. 'कृपया फुकट काकवी मागू नये.' आराखड्यात 'वाया' समोर निशिगंधानं शून्य घातलं.

दोन दिवस बाळाबाई पाटीला वळसा घालून आत-बाहेर करत होती. तिसऱ्या दिवशी महिन्यातला शेवटचा मंगळवार होता. त्याच रस्त्याला पार लांबच्या गावातनं एक धोंडुबाई म्हणून बाई दर महिन्याच्या त्या दिवशी कळंब्याच्या तुरुंगात लेकाला भेटायला यायची. हंगाम असला की परत जाताना गुऱ्हाळावर टेकायची. हातात कडीचा लहान डबा. बाळाबाई तो भरून द्यायची. लेकानं काय केलं, हे तिनं सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी बाळाबाई बाजाराला गेली होती. परत आल्यावर पिराजीनं सांगितलं.

"वयनी, ती डबंवाली आलती. तिला वाचाय येत न्हाय. एका पोराला इचारलं, काय लिवलंय म्हणून. त्यानं वाचून दावलं. मग डबा पदराखाली झाकला आन् गेली."

"तू हाक न्हाई मारलीस?"

"मारली की. पाय उचलून गेली ती."

बाळाबाईनं पाटी उपटली आणि चुलवाणात घातली.

"चांगली जळती," ती म्हणाली.

"आज्जी!" निशिगंधा धावत आली. "फुडल्या महिन्यात संस्थेचं सायेब बघाय येणार हाईत. मी शून्य लिवलंय त्यात!"

"मग खोटं लिवलंस."

"आन् खरं लिवून गुऱ्हाळ गेलं तर? मग कुठं भरशील गं तिचा डबा?"

बाळाबाईनं जळत्या पाटीवर चिपाड सारलं. साहेब येतील त्या दिवशी तोंड उघडायचं नाही, असं तिनं नातीला कबूल केलं.

साहेब आले ते नेमके डिसेंबरातल्या शेवटच्या मंगळवारी. अभिनंदन मगदूम त्यांचं नाव. अंगानं पापडासारखे, पण खायला दणकट. गरम काकवी आणि पुऱ्या पुढं आल्यावर त्यांनी पहिली वाटी उभ्यानं, दुसरी बसून आणि तिसरी कागद चाळत संपवली. मग चष्मा वर सरकवला.

"निशिगंधा, वाया शून्य? रस किती आणि काकवी किती, ह्याचा मेळ बसत नाही मला."

निशिगंधानं लॅपटॉप अर्धा मिटला. बाळाबाईनं पदराचा शेव तोंडात धरला होता. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं धोंडुबाई चाललेली दिसली. मान खाली, डबा पदराखाली. गुऱ्हाळाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

बाळाबाईनं नातीकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, पदर तोंडातनं सोडला आणि उठली.

"ये धोंडुबाई! पलीकडनं काय निघालीस चोरावानी? आण तो डबा हिकडं!"

ती बिचकत आली. बाळाबाईनं साहेबांच्या देखत डबा काठोकाठ भरला, कडी लावली, वर चार पुऱ्या बांधून दिल्या. हंबीररावानं तोंड फिरवलं.

"आज्जी," मगदूम साहेब म्हणाले, "ही काकवी कागदावर कुठाय? हे कुठल्या रकान्यात धरायचं?"

"सायेब, मी आडाणी बाई," बाळाबाई म्हणाली. "पर तुमी आत्ता तीन वाट्या खाल्ल्या, त्या कुठल्या रकान्यात लिवल्या, तेवढं दावा. त्याच्याच खाली हिचा डबा लिवू."

पिराजीचा झारा काहिलीतच थांबला. साहेबांनी हातातली वाटी खाली ठेवली. परत उचलली, तळाशी राहिलं होतं ते बोटानं पुसून खाल्लं, आणि असे हसले की चष्मा पुरीवर पडला.

"पोरी, शून्य खोड," ते म्हणाले. "नवा रकाना काढ आणि चौथाई आहे तर चौथाई लिही. खोटं शून्य बघून मी यंत्र देणार नाही."

"नाव काय घालू सर?"

"पावणं," बाळाबाईनं सांगून टाकलं.

कोल्हापुरात त्या रकान्यावर बराच वाद झाला म्हणतात. चौथाई माल फुकट वाटणारी कंपनी कुणी बघितली नव्हती. चाळीस आराखड्यांतले पाच निवडले, त्यात निशिगंधाचा पाचवा. फेब्रुवारीत टेम्पोतनं यंत्र उतरलं, तेव्हा हंबीररावानंच नारळ फोडला आणि तो पहिल्या दणक्यात फुटला नाही म्हणून पिराजी हसला.

त्याला आता बरीच वर्षं वाटतात, पण फार झाली नाहीत. हंबीरराव अजून दर हंगामाला पहिल्या आधणाला "ह्या वर्साला शेवटचं" म्हणतो, कुणी मान वर करून बघत नाही. पिराजी काहिलीपास्नं उठला, शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि नव्या गुळव्याला शिव्या देतो. मगदूम साहेबांची बदली पुण्याला झाली, तरी हंगामात बायकापोरांसह तपासणीला येतात. तपासणी तीन वाट्यांची असते. निशिगंधाच्या बाटल्या शिवाजी पेठेतल्या दुकानांत लागल्या. आराखड्यातले सगळे आकडे बदलले, तेवढा एक रकाना तिनं हलवला नाही. वाट चुकलेला तो मोटारवाला आता पेट्या नेतो. बाळाबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिला रस्ता पूर्वीपेक्षा लांबपर्यंत दिसतो.

धोंडुबाईचा लेक सुटला. एकदा त्याला घेऊन आली होती. तो वाटीभर काकवी प्याला आणि जाताना बाळाबाईच्या पायाला हात लावून गेला. आता तिला इकडं यायचं काही कारण राहिलं नाही.

पण हंगाम लागला की तिच्या गावाकडनं येणाऱ्या यष्टीचा कंडक्टर गुऱ्हाळासमोर बेल मारतो आणि खिडकीतनं कडीचा रिकामा डबा खाली देतो. परतीच्या गाडीला तो भरून जातो. आणि कंडक्टर आपली वाटी पिऊन घेईपर्यंत अख्खी यष्टी वाट बघत थांबते.