वरच्या खोलीतला भोंगा

"आतून वॉर्निश मारल्याशिवाय हे टिकायचं नाही गं," आजोबांनी लेकीला बजावलं होतं.

"नको बाबा, किती उग्र वास येतो त्याला. आणि बाळ सध्या दिसेल ते तोंडात घालतंय," असं म्हणत तिने वॉर्निशचा डबा उचलून त्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.

ते न टिकणारं वाद्य म्हणजे मी. माझं खरं नाव डिजरिडू, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीसारखं फुंकवाद्य, पण घरात सगळे मला भोंगाच म्हणतात. मित्रांनो, मी मुळात घायपाताच्या झाडाचा दांडा. हे झाड जन्मात एकदाच फुलतं, त्यासाठी उंच दांडा काढतं आणि मग वाळून जातं. कुंपणाशी मी असाच वाळून उभा होतो. आजोबा निवृत्त बसचालक. त्यांनी मला कापून आणलं, उभं चिरलं आणि आतला भुसभुशीत गाभा चमच्याने खरवडून काढला. मग दोन्ही फाकी गोंदाने जोडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळल्या. कड ओठांना बोचू नये म्हणून तोंडाशी मेण लावलं.

पहिल्यांदा माझ्यातून नुसतीच फुरफुर निघाली. "जन्मभर हॉर्न वाजवलात, अजून हौस फिटली नाही वाटतं," लेक हसली. आजोबा हट्टाला पेटले. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, सूर न तोडता फुंकायला शिकले. माझा घुमारा जिन्यावरून खाली तिच्या स्वयंपाकघरात पोचायचा. "झाली यांची गाडी सुरू," असं म्हणत ती निर्धास्तपणे कामाला लागायची. बाबा वर एकटे असतात, हा घोर तेवढ्यापुरता मिटायचा.

पण फुंकरीबरोबर ओल आत जातेच. माझं कोरडं अंग ती पीत राहिलं. एका सकाळी सांधा उकलला आणि माझा आवाजच बसला. आजोबांनी मला बाजूला ठेवलं, वॉर्निशचा डबा काढायला ते स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं.

खाली बाळाचा नुकताच डोळा लागला होता. "आज भोंगा नाही, बाबांनी कृपा केली," असं पुटपुटून तिनेही जरा पाठ टेकली. वर आजोबा हाका मारत होते, पण त्यांचा आवाज जिना उतरत नव्हता. जेवायला बोलावूनही उत्तर आलं नाही, तेव्हा ती धावत वर आली.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"मारत होतो की. बाळ काही उठलं नाही, म्हणजे हॉर्न अगदीच लेचापेचा निघाला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते दवाखान्यात होते तोवर मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा जोडलं. जोडण्याआधी आतून वॉर्निश मात्र लेकीने स्वतः मारलं, गच्चीवर नेऊन.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. लाकूड काय, परत चिकटवता येतं. पण तुमच्या वर किंवा शेजारी कुणी एकटं राहत असेल, आणि त्यांचा रोजचा खोकला, रेडिओ किंवा भांड्यांचा आवाज आज ऐकू आला नसेल, तर आता उठा. जाऊन त्यांचं दार वाजवा.