सुजलेल्या मुठीचं माप

त्या दिवशी माझ्या सासऱ्यांची मूठ इतकी सुजली होती, की दारातून आधी मूठ आत यायची आणि मागाहून सासरे. खोटं वाटत असेल तर वाटू दे. उजव्या हाताला गांधीलमाशी चावली होती.

सासरे लाकडी धनुष्यं बनवायचे. दुसऱ्या दिवशी वन्संची, म्हणजे माझ्या नणंदेची, तिरंदाजीच्या संघात निवड व्हायची होती आणि वन्संकडे धनुष्य ते एकच. नेमकी त्याचीच दोरी झिजली. सासऱ्यांनी नवी वळली, धनुष्यापेक्षा चार बोटं आखूड. इथवर ठीक. पण खरं माप चढवल्यावर कळतं. धनुष्याच्या मधल्या पकडीवर मूठ ठेवायची, अंगठा उभा करायचा, त्याचं टोक दोरीला टेकलं की झालं. दोरी पकडीच्या जवळ राहिली तर मनगटावर सपकन बसते. दूर गेली तर लाकूड ताणाने मोडतं.

सासऱ्यांचा अंगठा दोरीच्या पार पलीकडे गेला. म्हणाले, दोरी लांबीला जास्त झाली, म्हणून जवळ राहतेय. उतरवली, पीळ दिला, पिळाने ती आखडते ना. चढवली, तरी अंगठा पलीकडेच. पुन्हा पीळ. वन्सं म्हणाल्या, बाबा, धनुष्य फारच वाकलंय. तर म्हणे, माझ्या मुठीने आजवर कुणाला दगा दिलाय?

तिसऱ्यांदा चढवली आणि धनुष्य असं करकरलं, की शेजारी दातांच्या डॉक्टरकडे बसलेला माणूस आपलीच दाढ उपटली असं समजून पैसे देऊन घरी गेला. आम्ही मात्र जागच्या जागी थिजलो. वन्संनी ओढून बघायला दोरीवर ठेवलेली बोटं तशीच राहिली. ओढायची की सोडायची, त्यांना सुचेना.

सासूबाई कांदा चिरता चिरता बाहेर आल्या. धनुष्य पाहिलं, मूठ पाहिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "डावा हात काय उसना आणलाय?"

डाव्या हाताने धनुष्य धरायचं, उजव्याने मापायचं, हे सासऱ्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की दुसरी मूठ आहे हेच ते विसरले होते. मी धनुष्य धरलं. त्यांनी डावी मूठ ठेवली. अंगठ्याच्या पुढे दोरी चांगली दोन बोटं दूर.

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी, तू ओढलं असतंस तर..." एवढं वन्संना म्हणून ते खालीच बसले. काठी गिळल्यासारखे, ताठ. दोरी वन्संनीच उतरवली, पीळ सोडला, पुन्हा चढवली. डावा अंगठा टेकला.

दुसऱ्या दिवशी वन्संची निवड झाली. सासऱ्यांना ते संध्याकाळी कळलं, कारण बाण सुटताना मिटलेले डोळे त्यांनी घरी येईपर्यंत उघडलेच नाहीत. पुढे कुणाचंही धनुष्य आलं, की ते आधी दोन्ही मुठी एकमेकींना लावून बघायचे, आणि सासूबाई आतून विचारायच्या, "आहेत ना दोन?"