बिनफोनाचे व्याही

विज्ञानापुढे सगळी माणसं सारखी असतात. विज्ञानाला व्याही नसतात, म्हणून त्याला हे परवडतं. वासू मिराशीला एक होते, आणि तेही मुलाकडचे.

हे व्याही म्हणजे परशुराम गावडे. वासूची अंकिता त्यांच्या सूरजला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली, आणि या सात वर्षांत मुलीच्या बापाकडून घेण्यासारखा जेवढा म्हणून मान असतो तेवढा परशुरामनी घेतला होता. पंगतीत पहिलं पान, जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा, उळवीच्या जत्रेत आधी दर्शन. वासूने कुरकुर केली नव्हती. खरं म्हणजे हा माणूस त्याला आवडायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीच्या बापाने असलं काही उघड बोललं, की पुढच्या सणाला एक धोतर जास्त लागतं.

नात्याशिवाय दोघांत आणखी एक गोष्ट सामाईक होती. हिपॅटायटिस बी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी रानातल्या वाड्यांवरून एक कंपाउंडर फिरत असे. त्याचा हात हलका होता आणि सुई एकच होती. त्याने दोन्ही गावांचा ताप उतरवला आणि जाताना विषाणू ठेवून गेला, असा डॉक्टरांचा अंदाज. तो विषाणू इतकी वर्षं कुणाशी काही न बोलता बसून राहिला, आणि आता दोघांचंही लिव्हर निबर झालं होतं. याला सिरोसिस म्हणतात. परशुरामनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. ही गोष्ट आता त्यांना भेटेल त्याला सांगावी लागे, कुणी विचारलं नसतानाही.

बेळगावची एक संशोधन संस्था जोयडा तालुक्यातल्या अशा बेचाळीस जणांचा अभ्यास करत होती. गोळ्या सगळ्यांना सारख्या. पण निबर लिव्हरात कॅन्सरची गाठ कधी उगवेल ते सांगता येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तर जाळून टाकता येते. मोठी झाल्यावर सापडली तर नुसती सापडते. वासूच्या थोरल्या भावाची नुसती सापडली होती.

सोनोग्राफीची गाडी मे महिन्यात आणि नोव्हेंबरात जोयड्याला यायची आणि बेचाळीसपैकी निम्मे लोक तिच्याकडे फिरकायचे नाहीत. तेव्हा संस्थेला प्रश्न पडला, की आधी फोन करून आठवण केली तर जास्त लोक येतील काय? उत्तर काढण्यासाठी कंप्युटरने चिठ्ठ्या टाकल्या. एकवीस जणांना दर सोमवारी फोन, एकवीस जणांना नाही. वासूच्या वाट्याला फोन आला. परशुरामच्या वाट्याला काही आलं नाही.

वासूच्या घरात रेंज नव्हती. सोमवारी दहाला तो विहिरीमागच्या कातळावर चढून उत्तरेकडे तोंड करून उभा राही, तेव्हा कुठे संस्थेच्या सोनालीबाईंचा आवाज रामनगरहून येई. परशुरामच्या अंगणात मात्र रेंजच्या चार काड्या होत्या. चारही बिनकामाच्या.

हे उघडकीला आलं ते नातवाच्या जावळाला. सोमवार होता. परशुरामच्या अंगणात पोर मामाच्या मांडीवर बसून न्हाव्याला लाथा घालत होतं, आणि वासूचा फोन वाजला. त्याला कातळावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. सोनालीबाई अख्ख्या मांडवात बोलल्या.

“वासूमामा, गोळी घेताय न्हवं रोज? आणि बारा तारखेला सोनोग्राफी हाय, विसरू नका. मी वाट बघते.”

वस्तरा थांबला. पोरसुद्धा गप्प झालं. परशुरामनी टोपी सारखी केली.

“कोण वाट बघतंय, पावणं?”

“आपल्या त्या... अभ्यासाच्या बाई.”

“आमच्या बी अभ्यासाच्या त्याच बाई?”

“व्हय.”

“दर सोमवारी करत्यात?”

वासूने मान हलवली. परशुरामनी आपला फोन खिशातून काढला, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत खिशात घातला. मग म्हणाले, “जेवून जावा.” सात वर्षांत परशुरामना हे पहिल्यांदाच सांगावं लागलं होतं. एरवी ते गृहीत असे.

दुसऱ्या दिवशी अंकिताचा निरोप आला. मामा, म्हणजे तिचे सासरे, सोनोग्राफीला जाणार नाहीत म्हणतायत. ज्यांची वाट बघतात त्यांनी जावं, म्हणतायत. मेमध्येही ते गेले नव्हते, तेव्हा निमित्त वेगळं होतं. म्हणजे वर्ष होऊन जाणार.

वासूला भावाची आठवण झाली. त्याचीही सुरुवात ‘पुढच्या टायमाला जाऊ’ अशीच झाली होती.

पुढच्या सोमवारी त्याने कातळावरून सोनालीबाईंना काही बोलूच दिलं नाही. “बाई, माझं ऱ्हाऊ दे. माझा फोन परशुराम पावण्यास्नी लावा. एवढ्या एका डावाला.”

“जमत न्हाई हो मामा. कंप्युटरनं त्यांना बिनफोनाच्या गटात घातलंय. मी फोन केला की अभ्यास बिघडतो.”

“अभ्यास बिघडला तर तुमी परत कराल. पावणा बिघडला तर माझ्या पोरीनं काय करायचं? आन् गाठ काय कंप्युटरला इचारून यिती काय?”

बाईंचं शिक्षण नर्सिंगचं, संशोधन त्यांना पगाराबरोबर मिळालं होतं. परशुरामचे रक्ताचे रिपोर्ट त्यांनी पाहिले होते आणि ते त्यांनाही आवडले नव्हते.

“मामा, कागदात एवढंच लिवलंय, की त्यांना संस्थेनं फोन करायचा न्हाई.”

“मी जाऊन बोलीवलं तर?”

“त्याबद्दल काही लिवलेलं न्हाई.”

“नारळ दिऊन?”

“नारळाबद्दल तर काहीच न्हाई,” बाई म्हणाल्या, आणि रेंज गेली. किंवा त्यांनी घालवली.

रुक्माने, म्हणजे वासूच्या बायकोने, पिशवी भरून दिली. नारळ, विडा, कुंकू लावलेल्या अक्षता. “कुणाचं लगीन म्हणून सांगशीला?” तिने विचारलं. वासूने पिशवी खांद्याला लावली. दोन जीपा बदलून तो उळवीच्या वाटेवरच्या व्याह्यांच्या गावी पोचला तेव्हा परशुराम ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अंकिताने पाणी आणलं आणि ती दाराआड उभी राहिली. घर ऐकतंय हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे दोघंही जरा मोठ्यानेच बोलले.

“पावणं, बारा तारखेला जोयड्याला सोनोग्राफी हाय. सहकुटुंब यायचं करा,” वासू म्हणाला आणि अक्षता पुढे केल्या.

परशुरामनी अक्षतांकडे बघितलं. “बोलावणं कुणाचं?”

“सोनालीबाईंचं. माझ्या तोंडून.”

“का? त्यांच्या तोंडाला काय झालंय?”

“त्यास्नी बंदी हाय. कंप्युटरनं नावं काडली.”

“आन् कंप्युटरला तुमचं नाव आदी सुचलं. मुलीकडचं.”

“त्याला सोयरीक कळत न्हाई हो. यंत्र हाय ते.”

“न कळणाऱ्याच्या हातात अशी कामं देत्यात कशाला?” याचं उत्तर बेळगावातही नसावं.

त्याने नारळ काढून व्याह्यांच्या पुढ्यात ठेवला. “मला फोन आला, कबूल. फोन काय, टॉवरला बी येतो. तुमच्या दारात माणूस आला, दोन जीपा बदलून, नारळ घिऊन. आता मोठं बोलावणं कुणाचं, तुमीच सांगा.”

परशुरामनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ हिशेब चालला होता. दाराआडून बांगड्या वाजल्या, म्हणजे अंकिताची सासू सावित्रीबाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“भात पिकलाय,” ते शेवटी म्हणाले. वासूच्या जिवात जीव आला. मानाची हरकत संपून शेताची सुरू झाली होती. “सूरज गोव्याला कामावर. मी गेलो तर माकडं रान ठिवायची न्हाईत. राखणीला कोण?”

“मी बसतो.”

“तुमची सोनोग्राफी?”

“तुमी सकाळच्या जीपनं जावा, बाराच्या जीपनं या. त्याच जीपनं मी जातो. सोनोग्राफीची गाडी तीनपतोर हाय.”

परशुरामनी विडा उचलला. “मुलीच्या बापानं राखणीला बसायचं, हे काय बरं दिसत न्हाई,” ते म्हणाले, आणि ते त्यांना किती बरं दिसत होतं ते सगळ्या घराला दिसलं.

परशुराम गावड्यांना दवाखान्याचं बोलावणं नारळासकट आलं, ही बातमी आठवडाभरात तालुक्यात पोचली. त्यामुळे बाकीच्या बिनफोनवाल्यांनीही कान टवकारले. फोनवाल्यांपैकी ज्यांचे कुणी भाऊबंद, सोयरे, मेव्हणे त्या दुसऱ्या यादीत होते, त्यांना पिशव्या भरून निघावं लागलं. वासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एकाच माणसाची काळजी होती.

बारा तारखेला परशुराम धुतलेला सदरा घालून, सकाळपासून उपाशी, अक्षता खिशात ठेवून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले. सावित्रीबाई मागे बसल्या. वासू गोफण घेऊन शेतातल्या माळ्यावर चढला. चार बांबूंवरचा तो माळा चांगला उंच होता. एका बाजूला पिवळा भात, दुसऱ्या बाजूला जोयड्याकडून येणारा रस्ता.

बाराची जीप आली. तीन बायका उतरल्या, एक सिमेंटचं पोतं उतरलं. परशुराम नाहीत.

वासूने आधी स्वतःशी त्यांना शिव्या घातल्या. जेवायला थांबले असतील. ओळखीचं कुणी भेटलं असेल आणि दारू पीत नसल्याचं सांगत बसले असतील. दीडची जीप आली. तिच्यातूनही नाहीत. मग शिव्या सुचेनात. भावाच्या वेळी असंच झालं होतं. बाकीच्यांना पाच मिनिटांत बाहेर काढलं, आणि त्याला आतच ठेवून घेतलं, दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, परत कूस बदलायला लावली. उशीर झाला म्हणजे काहीतरी दिसलेलं असतं.

तीन वाजले. जोयड्यातली गाडी आता आवरत असणार. वासूच्या हातात गोफण तशीच होती.

चारच्या सुमाराला जीप थांबली. सावित्रीबाई घराकडे वळल्या आणि परशुराम बांधावरून सरळ माळ्यापाशी आले. वासू खाली उतरला.

“करवंदाएवढं हाय म्हंत्यात,” परशुराम म्हणाले.

वासू बांधावर बसला.

“बारीक हाय. दोन डाक्टरांनी बघितलं. येळेवर आलासा म्हणाले. बेळगावला जाऊन आदी नीट फोटू काडायचा, आन् तेच निघालं तर सुई घालून जाळायचं. पोट फाडायचं न्हाई.” ते त्याच्या शेजारी बसले. “डाक्टरनं सवता बोलीवलंय. तोंडानं. तुमास्नी आपला फोन.”

“व्हय की,” वासू म्हणाला.

परशुरामनी खिशातून केळं काढलं. दवाखान्यात उपाशी माणसांना वाटलेलं. त्यांनी ते मोडून अर्धं वासूला दिलं. थोरला तुकडा वासूकडे आला, आणि दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं. मग परशुराम शेताकडे बघत म्हणाले, “तो खालचा वाफा कुठं गेला?”

“माकडांनी खाल्ला.”

“तुमी काय करत हुतासा?”

“रस्ता बघत हुतो.”

केळं संपेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले, आणि माकडांनी आणखी थोडं खाल्लं.

बेळगावात गाठ कॅन्सरचीच निघाली, आणि डिसेंबरात ती जाळली. परशुराम तिसऱ्या दिवशी घरी आले. सोबत वासू होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याचीही सोनोग्राफी करून टाकली, ती स्वच्छ निघाली. पण ती गाडीतली नव्हती आणि बारा तारखेचीही नव्हती, म्हणून अभ्यासात धरता आली नाही. सोनालीबाईंच्या फॉर्मवर गैरहजेरीच्या कारणांसाठी चार चौकटी होत्या. राखणीला बसल्याची एकही नव्हती. त्यांनी ‘इतर’वर खूण केली. फोनवाल्यांच्या यादीत त्यांना ‘इतर’वर बऱ्याच खुणा कराव्या लागल्या.

अहवाल मार्चमध्ये आला. फोन केलेल्या एकवीस जणांपैकी बारा तपासणीला आले होते, फोन न केलेल्यांपैकी सतरा. फोन केल्याने उपस्थिती वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि एक एप्रिलपासून फोन बंद झाले.