पिवळ्या पट्टीचा बाण

मी एक जुने धनुष्य आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुमच्यातले दोघेतिघे आत्ताच मनात म्हणत असतील की या लाकडाच्या तुकड्याला काय कळणार! म्हणा. मला सवय आहे.

पूर्व टेक्सासात, ट्रिनिटी नदीच्या काठाने बोडार्क नावाचे काटेरी झाड वाढते. त्याचे लाकूड पिवळेधमक आणि इतके चिवट की जमिनीत पुरले तरी कुजत नाही. म्हणून इकडचे लोक त्याचे कुंपणाचे खांब करतात. माझाही खांबच व्हायचा होता. पण हार्लन टगलचा मामा अर्विन मला तासता तासता मध्येच थांबला, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि मला बाजूला ठेवले. माझे भाऊबंद कुंपणात गेले आणि गायी त्यांना पाठ घासू लागल्या. मला मात्र त्याने महिनोन् महिने सावलीत वाळवले, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केले, मेण चोळले आणि हार्लनच्या वाढदिवसाला त्याच्या हातात दिले. हार्लन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता.

माझे काम मासे मारण्याचे. हसू नका, हे खरे आहे. आमच्या बाणाला पिसे नसतात. त्याच्या टोकाला काटे असतात आणि शेपटीला दोरी. ती दोरी माझ्या पोटावर बसवलेल्या रिळाला गुंडाळलेली असते. बाण माशात रुतला की दोरीने मासा ओढायचा. बाण चुकला तरी त्याच दोरीने तो परत गुंडाळून आणायचा.

माझ्या संशयी स्वभावाला कारण आहे ते पाणी. मासा पाण्यात जिथे दिसतो तिथे तो नसतोच, त्याच्या बराच खाली असतो. दिसणाऱ्या माशावर नेम धरणारा रिकाम्या हाताने घरी जातो. अर्विनमामाने हार्लनला पहिला धडा हाच दिला, "दिसतंय त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. खाली मार." हार्लन तो धडा पाण्यापुरता शिकला. मी जरा जास्तच शिकले.

पुढची कितीतरी वर्षे आमची चंगळ होती. हार्लन दिवसभर वेल्डिंगचे काम करायचा आणि सुट्टी मिळाली की आम्ही नदीवर. सोबत त्याचे दोन शाळासोबती असत. एक ड्यूई लस्क. होडी त्याची. जाडा, लाल गालांचा, सतत बडबड करणारा. दुसरी व्हर्ना के. ती आयुष्यभर शाळेची बस चालवत आली आणि होडीचे इंजिनही तीच सांभाळते, कारण ड्यूईच्या हातात इंजिन दिले की होडी झाडावर चढते. आमचे मोठे सावज म्हणजे मगरतोंड्या मासा. मगरीसारखा लांब जबडा, चिलखतासारखे खवले, आणि अंगाने माणसाहून लांब. वसंतात नदीला पूर आला की तो काठावरच्या बुडालेल्या झाडीत शिरतो आणि श्वास घ्यायला मधूनमधून वर येऊन लोळतो. तेवढ्या क्षणात बाण सुटला तर सुटला.

त्यांच्यात एक नियम होता. पहिला बाण ज्याचा, मासा त्याचा. दुसरा बाण फक्त मदतीचा. भांडणे होऊ नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या बाणाला रंगीत चिकटपट्टी लावलेली. ड्यूईची लाल, हार्लनची पिवळी. माझ्या लाकडासारखी पिवळी, म्हणून मला ती फार आवडायची.

गेल्या वसंतात मात्र सगळे बिनसले. एका प्रचंड माशावर दोघांनी जवळपास एकाच वेळी बाण सोडले. मासा वर काढला तर त्याच्या कल्ल्यामागे लाल पट्टीचा बाण होता. आमचा पिवळा बाण बुडालेल्या ओंडक्यात रुतलेला सापडला. हार्लनने तिथे नियम मान्य केला. पण घरी जाताना गाडीत तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा बाण लागला होता. मला आवाज आला. ड्यूईनं उपटून ओंडक्यात खुपसला असणार." मला ते लगेच पटले. माझे बाण ओंडक्याला लागत नसत! त्या माशाचे मुंडके ड्यूईच्या होडीच्या शेडवर लटकले, आणि त्याच्या उघड्या जबड्याकडे पाहून मला वाटायचे की तो आम्हालाच हसतो आहे.

त्याच सुमारास ड्यूई हार्लनला म्हणाला होता, "राजा, एकदा डोळे दाखवून ये ना. परवा तू मला दुकानात ओळखलं नाहीस."

"तू ओळखण्यासारखा राहिला नाहीस. दार अडवून उभा होतास," हार्लन म्हणाला. मग मला पुसताना पुटपुटला, "आधी मासा नेला. आता होडीवरून मलाच उतरवायला बघतोय."

डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टरवरही त्याचा विश्वास नव्हता. चुकणाऱ्या नेमाचा ठपका त्याने माझ्यावर ठेवला. लाकूड वाकडे झाले, म्हणाला. त्याच्या मुलाने घेऊन दिलेले, टोकांना चाके बसवलेले नवे यांत्रिक धनुष्य आले आणि मला कपडे धुण्याच्या मशीनमागे टाकले गेले. टाकले ते टाकले, पण माझी प्रत्यंचाही उतरवली नाही. धनुष्य ताणलेल्या अवस्थेत ठेवणे म्हणजे माणसाला रात्रंदिवस ओणवे उभे करणे. सबंध हिवाळा मी तिथे साबणाचा फेस अंगावर घेत वाकून उभे होते. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. मशीन दर दोन दिवसांनी थरथरायचे तेव्हा वाटायचे, तेही मला बाहेर ढकलण्याच्या कटात सामील आहे.

नव्या धनुष्यानेही मासा काही लागला नाही. मग या वसंतात हार्लनने मला बाहेर काढले, मेण लावले, आणि होडीत चढताना सर्वांदेखत जाहीर केले, "आज मोठा मासा माझ्या बाणानं मिळाला तर ठीक. नाहीतर हे लाकूड चुलीत आणि माझी नदी बंद. पुन्हा येणार नाही मी."

व्हर्ना केचा हात इंजिनाच्या दोरीवर थांबला. ड्यूईने प्रथमच काही विनोद केला नाही. चुलीचे नाव ऐकून माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. पण नदी बंद झाली की हार्लनचे काय उरणार, हे मलाही ठाऊक होते. बायको गेल्यापासून तो या दोघांशिवाय कोणाशी चार वाक्ये बोलत नसे.

त्या सकाळी मला जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसत होते. हार्लन गाडीतून थंडगार चहाचा थर्मास आणायला गेला, तेव्हा ड्यूई आमच्याकडे पाठ करून होडीच्या मागच्या टोकाला काहीतरी करत होता. कसला तरी खरखर आवाज येत होता. व्हर्ना के हळूच म्हणाली, "लवकर कर. येतोय तो."

"झालंच. तू इंजिन बघ."

"आणि कळलं तर?"

"त्याला माझं पोट दिसत नाही, हे काय दिसणार!"

हार्लन जवळ आला तसे दोघे एकदम आकाशाकडे बघू लागले. आकाशात काहीही नव्हते. हार्लनने डोळे बारीक केले. माझी तर खात्रीच पटली. एवढ्या वर्षांचे मित्र, आणि आता दगा!

पाण्यातून वर आलेल्या सायप्रस झाडांच्या बुंध्यांमधून आम्ही सावकाश निघालो. खारी बिस्किटे, डब्यातले सॉसेज आणि मुरवलेली भेंडी खाऊन झाली. दोनदा मासा लोळला आणि दोनदा हार्लनचा बाण पाण्यात रिकामा गेला. ड्यूईने एकदाही धनुष्य उचलले नाही. हार्लन चिडला.

"तू का मारत नाहीस? माझ्यावर दया करतोस?"

"दया? तुझ्यावर? मी सॉसेज खातोय, दिसत नाही का?" असे म्हणून ड्यूईने जीभ चावली, आणि धनुष्य घेऊन तो आमच्या शेजारी येऊन उभा राहिला.

मग बुडबुड्यांची रांग आली. व्हर्ना केने इंजिन बंद केले. तपकिरी पाणी फुगले, आणि एक भलीमोठी पाठ वर आली. तिच्यावरचे खवले मला स्पष्ट दिसले. हार्लनने मला ताणले.  बाण सुटला. त्याच श्वासात शेजारूनही 'टण्ण' असा आवाज आला. पाणी उसळले, होडी डगमगली, तिघेही भिजले.

"हार्लन! लागला! तुझा लागला!" व्हर्ना के ओरडली आणि धावत पुढे येऊन तिने एक ताणलेली दोरी त्याच्या हातात कोंबली. हार्लनने मला खाली टाकले आणि दोन्ही हातांनी ओढू लागला. तो हसत होता, शिव्या देत होता, मामाचे नाव घेत होता. इतके खुश त्याला मी बायको असताना पाहिले होते, त्यानंतर नाही.

मी फळीवर पडून होते. माझ्या रिळाची दोरी सैल पडली होती. मित्रांनो, मासा माझ्या बाणाने पकडला असता तर माझे रीळ गरगरा फिरले असते, लाकूड करकरले असते. तसे काहीच होत नव्हते. शेजारी ड्यूईच्या धनुष्याचे रीळ मात्र रिकामे होत चालले होते.

मासा होडीच्या बाजूला वर आला. त्याच्या मानेत बाण होता, आणि बाणावर पिवळी पट्टी.

"पिवळी! बघ, पिवळी!" ड्यूई जरा जास्तच मोठ्याने ओरडला. "नेम आहे राव! पक्का करायला दुसरा बाण हवा. थांब, मी मारतो."

"हात लावू नकोस!" हार्लन म्हणाला. "पहिला माझा, दुसराही माझाच. गेल्या वर्षीसारखं करू देणार नाही."

त्याने दोरी व्हर्ना केला दिली आणि मला उचलले. दुसरा बाण लावायचा तर पहिल्याची दोरी आवरायला हवी, म्हणून तो सवयीने रीळ फिरवू लागला. ड्यूई पुढे झाला, "राहू दे रे ते, इकडे दे," पण उशीर झाला होता. सैल दोरी भराभर आत आली. तिच्या शेवटी चिखलाने माखलेला, सडके पान टोचलेला बाण वर आला. हार्लनने तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि अंगठ्याने चिखल पुसला.

पिवळी पट्टी.

 मासा होडीवर शेपटी आपटत होता. हार्लन वाकला, माशाच्या मानेतल्या बाणापर्यंत हात नेला आणि तिथली पट्टी नखाने उकरली. पिवळ्याखाली लाल निघाली.

ती सकाळची खरखर मला तेव्हा उमगली. आणि गेल्या वर्षीचा ओंडकाही; बाण लागल्याचा तो आवाज ओंडक्याचाच होता. कोणी काही उपटले नव्हते, कोणी काही चोरले नव्हते. मी आणि हार्लन सबंध वर्ष एका निर्दोष माणसाला चोर ठरवत बसलो होतो.

"मला भीक घातलीस," हार्लन म्हणाला. 

"भीक कसली, गाढवा?" ड्यूईचे गाल आणखी लाल झाले. "तू म्हणालास नदी बंद. तू नाही आलास तर मी या बाईबरोबर एकटा होडीत बसू? ती मला बोलू देते का? मला मासा नकोय. मला तू हवायस इथं."

"दोरी सुटतेय माझ्या हातातून," व्हर्ना के म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बसमधल्या पोरांना दम देण्याचाच होता. "मिठ्या मारायच्या असतील तर नंतर मारा. कोणीतरी बाण घाला!"

हार्लनने मला वर केले. मग खूप हळू म्हणाला, "ड्यूई, मला तो दिसत नाहीये. मला नुसतं तपकिरी दिसतं. वर्ष झालं."

"माहीत आहे, राजा." ड्यूई त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवून. "डावीकडे घे. अजून. आता खाली."

"एवढं?"

"अजून वीतभर खाली. विश्वास ठेव माझ्यावर. सोड!"

मी सगळा जीव एकवटून बाण फेकला. या वेळी माझे रीळ फिरले, दोरी ताणली आणि माझे जुने लाकूड टोकापासून टोकापर्यंत करकरले. किती दिवसांनी!

मासा नियमाप्रमाणे ड्यूईचा झाला. ड्यूईने फार आग्रह केला, पण हार्लन ऐकेना. "पहिला बाण तुझा. माझा मदतीचा," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याची मान ताठ होती. उकरलेली पिवळी पट्टी त्याने फेकली नाही, माझ्या मुठीवर गुंडाळली. परतीच्या वाटेवर हार्लनने थर्मासमधला उरलेला चहा ड्यूईला ओतून दिला. मग हार्लन म्हणाला, "सोमवारी काय करतोयस?"

"का?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. गाडी तू चालव. आणि तो डॉक्टर काय करतो त्यावर लक्ष ठेव. मला त्याचा भरवसा वाटत नाही."

मी आता हार्लनच्या स्वयंपाकघरात खुंटीवर आडवे आहे, चुलीपासून लांब आणि प्रत्यंचा उतरवलेले. म्हणून तुम्हाला एकच विनंती, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर काम झाल्यावर त्याचा ताण उतरवून ठेवा. मेण लावा. पुसा. आणि मित्राचा संशय आला तर जरूर घ्या, मीही अजून घेतेच. फक्त त्याला चोर म्हणण्याआधी आपली सैल दोरी एकदा गुंडाळून पाहा. आपलाच बाण चिखलातून वर येतो की काय, ते बघा.