झरीने अडवलेल्या जागा

मित्रांनो, मी सर्व्हर आहे; आता जुना म्हणायलाही हरकत नाही. २०१४ साली डहाणूच्या एका दवाखान्यात मला आणून बसवलं. पहिल्या दिवशी हार, नारळ, पेढे सगळं झालं. पुढे वर्षभर कोणी धूळ पुसली नाही. असो.

दवाखान्याच्या सगळ्या माणसांची नावं नि पासवर्ड माझ्याकडे. कोणी कॉम्प्युटर उघडला की तो मला विचारणार, हा आपलाच का? मी हो म्हटलं की त्याला आत जागा. दवाखान्याची गावोगावी छोटी केंद्रं, आणि प्रत्येक केंद्राला जागा मोजक्याच. आजवर किती आले, आत्ता किती बसलेत, किती कामं उरकली, हे आकडे मी सदा उघडे मांडून ठेवतो. पण बघतो कोण!

२०१८च्या नोव्हेंबरात तलासरीकडे जमीन हलायला लागली आणि आमच्या झरीच्या केंद्रात नवंच दुखणं निघालं. कॉम्प्युटर कुणाला आत घेईना, औषधाची चिठ्ठी निघेना. खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. जानेवारीत वरच्या मंडळींनी ठरवलं, महिन्याभरात सुधारलं नाही तर झरीचं केंद्र बंद. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी औषधाला डहाणूला कसं यायचं, हे कोणी विचारलं नाही.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जयश्रीने शेवटी माझे आकडे उघडले. एक आकडा केवढा तरी मोठा! तिला वाटलं, एवढी गर्दी याला झेपत नाही. अहो बाई, ती मी सुरू झाल्यापासूनची बेरीज होती. मला बोलता येत नाही, त्याला काय करणार?

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून ती पुन्हा येऊन बसली. एकही काम चालू नव्हतं, तरी झरीच्या सगळ्या जागा भरलेल्या.

"झरीला तर आज कुलूप आहे," ती म्हणाली, "मग आत बसलंय कोण?"

तिने झरीच्या भिकीताईंना फोन लावला. चिठ्ठ्या त्याच काढायच्या.

"धक्का बसला का मी पहिला मेन स्विच पाडते," भिकीताई म्हणाल्या, "मंग सगळ्यांना भायेर काढते. आग लागली तं?"

आता उलगडलं. तिकडचे कॉम्प्युटर न सांगता विझत आणि मी त्यांच्या जागा राखून बसे. परत आलेल्यांना नवी जागा कुठून मिळणार?

"स्विच पाडायचा सोडू नका, ताई. चूक आमच्याकडची आहे," जयश्री म्हणाली. मग तिने मला शिकवलं, जो बराच वेळ गप्प, त्याची जागा मोकळी करायची. चिठ्ठ्या निघू लागल्या, केंद्र राहिलं.

फेब्रुवारीत मोठा धक्का बसला. डहाणूतही भांडी वाजली. झरीचा फोन लागेना. जयश्री माझ्या आकड्यांपुढे बसून राहिली. झरीच्या जागा एकेक करून रिकाम्या झाल्या, शून्य उरलं.

मग झरीहून एकाने जागा मागितली. मी नाव पाहिलं आणि हो म्हटलं. भिकीताई होत्या. त्यांच्यामागून बाकीचे सगळे आले. जयश्री रडली, मग पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

आता माझ्या जागी नवा आलाय. मित्रांनो, त्याची धूळ पुसा, त्याचे आकडे वाचा. आणि कधी शून्य दिसलं, तर यंत्राला दोष देण्याआधी तिकडच्या माणसांना फोन करा.